करवलीच्या हातात कॅमेरा

ताई,
मी २८ वर्षांची, कोथरूडला राहते. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या लोखंडी कपाटात त्यांचा जुना पेंटॅक्स के१००० सापडला आणि तेव्हापासून मी फिल्मवरच फोटो काढते. आत्तापर्यंत पंचवीसेक रोल झाले असतील. माझी शाळेपासूनची मैत्रीण जानेवारीत गोव्याला लग्न करते आहे. दोन्हीकडची मिळून दीडशे माणसं, समुद्रकाठी मांडव, गोरज मुहूर्त. तिला फोटो फक्त फिल्मवर हवेत आणि ते मीच काढायचे, दुसरा फोटोग्राफर नकोच, असा तिचा हट्ट आहे. म्हणते, हल्ली सगळ्यांचे अल्बम एकसारखे दिसतात. मला आनंद झालाय, पण रात्री झोप लागत नाही. किती रोल घेऊ? विमानतळावरच्या एक्सरेनं रोल खराब होतात ते खरं का? संध्याकाळी उजेड पुरेल का? पैशांचं तिच्याशी कसं बोलू? नाही म्हणावं तर ती दुखावेल. विधींच्या वेळी मी तिच्या अगदी जवळच असेन, कारण तिची करवलीही मीच आहे.
झोप उडालेली, कोथरूड

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही तुला एकेरीच लिहिते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी रोल, एक्सरे आणि उजेड एवढंच डोळ्यांत भरलं, कारण १९९१ पासून चौदा वर्षं मी पुण्यात लग्नाचे फोटो काढले, सगळे फिल्मवर. दुसऱ्या वेळी मात्र तुझ्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. तू ते सोय म्हणून लिहिलं आहेस: करवली आहे, म्हणजे जवळून फोटो मिळतील. मला सगळी अडचण तिथेच दिसते.

मांडवातली करवलीची जागा जरा डोळ्यांसमोर आण. मामा मुलीला हाताला धरून आणतो, मुलगी अंतरपाटाच्या अलीकडे उभी राहते आणि तिच्या मागे करवली. एका हातात कऱ्हा, दुसऱ्या हातात दिवा. कार्यालयात बंद दाराआडसुद्धा तो दिवा सांभाळावा लागतो, तुमचा मांडव तर समुद्राच्या तोंडावर. मंगलाष्टकं चालू असताना तुझं निम्मं लक्ष त्या ज्योतीकडेच राहणार. गुरुजी 'तदेव लग्नं' म्हणायला लागतात, शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा वर्षाव, हार, वाजंत्री. जो क्षण घरातल्या प्रत्येकाला अल्बममध्ये बघायचा असतो, त्या क्षणी तुझे दोन्ही हात गुंतलेले असणार. आणि समज कॅमेरा हातात असला, तरी तू उभी आहेस तिच्या पाठीशी. तिथून दिसणार तिचा खोपा, त्यातली फुलं आणि पलीकडे नवरामुलगा. तिचा चेहरा दिसणार नाही.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगते. फिल्मवर फोटो जरूर काढ, आनंदानं काढ. पण त्या लग्नाची एकटी फोटोग्राफर होऊ नकोस. दुसरा फोटोग्राफर ठेवायला ती तयारच झाली नाही, तर कॅमेरा पुण्यात ठेवून जा आणि नुसती करवली हो. तशी वेळ येणार नाही असं मला वाटतं, पण तुझी तयारी तेवढी असू दे.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. १९९४ साली माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं लग्न होतं, पेठेतल्या एका कार्यालयात. तोवर माझी चाळीसेक लग्नं झाली होती, हात बसलेला होता. तिनं सांगितलं, दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही, तूच. मी सकाळी सातपासून कॅमेऱ्यामागे होते. पाच रोल नीट झाले. पाठवणीची वेळ आली तेव्हा पाचवा रोल संपत आलेला, बाहेर गाडी उभी, आतून हाका चालू. जिन्याखाली उभं राहून मी घाईघाईनं सहावा रोल घातला. रोलचं टोक स्पूलच्या खाचेत सरकवलं, पाठ बंद केली, दोन वेळा लिव्हर ओढला, आकडा एकवर आला. तिची आई तिची ओटी भरत होती तो फोटो काढला. वडील खांबाला टेकून उभे होते तो काढला. गाडीच्या काचेवर आतून ठेवलेला तिचा हात, त्यातला हिरवा चुडा, तो काढला. एकतीस फोटो काढले.

गाडी गेल्यावर मी रोल गुंडाळायला घेतला. छत्तीस फोटोंचा रोल गुंडाळताना बोटांना ताण लागतो, आत फिल्म सरकते आहे ते हाताला कळतं. त्या दिवशी दोन फेऱ्यांत सगळं सैल झालं. टोक खाचेतून निसटलं होतं आणि फिल्म जागची हललीच नव्हती. लिव्हर ओढला जात होता, आकडा पुढे जात होता, शटरचा आवाज येत होता, आणि फिल्म डबीतच बसून होती. रोल धुवायला टाकायचीही गरज नव्हती.

आठ दिवसांनी मैत्रीण माहेरी आली तेव्हा तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फोटोंचं राहू दे गं. निघताना मी तुला शोधत होते, तू कुठे होतीस?" मी तिच्यापासून दहा फुटांवर होते. कॅमेऱ्यामागे.

या गोष्टीतल्या कॅमेऱ्याच्या भागावर उपाय आहे आणि तो तू आजपासून हाताला लावून घे. रोल घातल्यावर डावीकडची गुंडाळायची किल्ली हलकेच फिरवून आतली फिल्म ताणून घ्यायची. मग लिव्हर ओढताना त्या किल्लीकडे बघायचं. लिव्हरबरोबर ती उलट्या दिशेनं फिरली तर फिल्म चालते आहे. फिरली नाही तर पाठ उघड आणि पुन्हा घाल. फार तर एक-दोन फोटोंची फिल्म जाईल. प्रत्येक रोलला, कितीही घाई असली तरी. दुसऱ्या भागावर, म्हणजे ती शोधत होती आणि मी नव्हते, त्यावर मला आजवर उपाय सापडलेला नाही.

आता मैत्रिणीशी बोलायचं कसं. फोनवर नको, भेटून बोल. तिचं म्हणणं आधी खरं मान, कारण ते खरंच आहे: अल्बम एकसारखे दिसतात. पण त्याचं खापर डिजिटल कॅमेऱ्यावर फोडण्यात अर्थ नाही. डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, धुराची नळकांडी, 'अजून एकदा चालत या' म्हणून नवरा-नवरीला तीनतीनदा चालवणं, यानं सगळे अल्बम सारखे होतात. यातलं काहीही नको असं फोटोग्राफरला आधीच सांगता येतं, आणि शांतपणे कडेला उभी राहून काम करणारी माणसं पुण्यात भरपूर आहेत. तिच्या आजीला त्याच रात्री फोटो बघायचे असतात. ज्यांना विमानाचं तिकीट परवडलं नाही, रजा मिळाली नाही, त्या मावशा आणि चुलत भावंडं घरी फोनकडे डोळे लावून बसलेली असतात. दोन्हीकडच्या माणसांना ओळीत उभं करून काढलेले गटाचे फोटो लागतात, त्यात कुणी डोळे मिटले तर पुन्हा काढावा लागतो. ही सगळी कामं डिजिटलवाला चांगली करील आणि त्याचे पैसे घेईल. तू तिला म्हण, "मांडवात मी तुझी करवली आहे, तिथे माझ्या हातात दिवा असणार. त्याच्या आधीचं आणि नंतरचं मी फिल्मवर घेईन. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसणार नाही ते मी घेईन." मला वाटतं एवढं ऐकल्यावर ती हट्ट सोडील.

आणि जे तुला दिसणार आहे, ते थोडं नाही. आदल्या दिवशी चुडा भरताना कासाराच्या हातातला तिचा हात. रात्री उशिरा मेंदी वाळायची वाट बघत बसलेल्या तुम्ही सगळ्या. सकाळची हळद. पण माझं म्हणणं ऐकशील तर तुझ्या रोलांमधला सगळ्यात मोठा वाटा गौरीहरासाठी ठेव. मुलगी मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून गौरीहरापुढे बसते आणि मामा न्यायला येईपर्यंत अक्षता वाहत राहते. बाहेर सनई, पाहुणे, धावपळ, आणि या एका खोलीत ती जवळजवळ एकटी. पगारी फोटोग्राफर तिथे येतो, "ताई, जरा इकडे बघा" म्हणतो, चार फोटो काढून निघून जातो. तिची मैत्रीण तिथे अर्धा तास बसू शकते. पहिली दहा मिनिटं तिला कॅमेऱ्याची जाणीव असते. मग ती विसरते. मग तांदळाचे दाणे बोटांतून सुटताना तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी आईच्या आणि मैत्रिणीच्या नजरेशिवाय कुणाला टिपता आलेलं बघितलं नाही.

मुहूर्त गोरज आहे, म्हणजे गौरीहर साधारण पाचच्या सुमाराला. खोली निवडायची वेळ येईल तेव्हा तिच्या आईला सांगून पश्चिमेकडे खिडकी असलेली खोली माग. पांढरा पातळ पडदा ओढला की ऊन मऊ होऊन आत येतं. गौरीहर असा मांड की खिडकी तिच्या बाजूला येईल, पाठीशी नको. छतावरचे दिवे बंद कर. त्यांचा उजेड आणि खिडकीचा उजेड फिल्मवर दोन वेगळ्या रंगांचे उतरतात, एक गाल पिवळा आणि एक निळसर, आणि पिवळ्या साडीत ते आणखी बिघडतं. तुझ्याकडे पन्नासची लेन्स असणारच. ४०० च्या रोलवर (हा आकडा रोलच्या स्पीडचा, म्हणजे तो किती कमी उजेडात चालतो त्याचा) अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ दोनवर, शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर, कोपर गुडघ्यावर टेकवून. तेवढ्या उजेडात हे जमतं. फोकस तिच्या जवळच्या डोळ्यावर, आणि एफ दोनला फोकसची जागा फार अरुंद असते, म्हणून ती पुढे वाकली की पुन्हा बघायचं.

उजेडाबद्दल एक गोष्ट मनाशी पक्की धर. रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, कमी उजेड चालत नाही. दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड पडला तरी लॅबवाला सांभाळून घेतो. एक स्टॉप कमी पडला की सावल्या मातकट होतात, त्यात दाणे उठतात, आणि आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांची त्यात सगळ्यात आधी माती होते. म्हणून ४०० चा रोल घालून कॅमेऱ्याची स्पीडची तबकडी २०० वर ठेव आणि लॅबला रोल नेहमीसारखाच धुवायला सांग. दिवसाउजेडी मी कायम असंच केलं. तुझ्या कॅमेऱ्याचा मीटर साऱ्या फ्रेमचा उजेड धरून सरासरी सांगतो. समुद्रकाठी पांढरी वाळू आणि चकाकणारं पाणी त्या सरासरीत शिरतं, मीटर फसतो, आणि चेहरा काळा येतो. उपाय सोपा आहे: तिच्याजवळ जा, फ्रेममध्ये नुसता चेहरा भरेल इतकी, तिथे मीटरची सुई मधोमध आण, मग तीच सेटिंग ठेवून मागे ये आणि सुई काय म्हणते तिकडे लक्ष देऊ नकोस.

दुपारी वाळूवर मैत्रिणींचे फोटो काढायची सगळ्यांना हौस येईल. त्या उन्हात ४०० च्या रोलला एक हजारावा भाग आणि एफ अकरा लागतं, आणि तुझ्या कॅमेऱ्याचं शटर एक हजाराच्या पुढे जातच नाही. पाठीमागचं धूसर करायचं म्हणशील तर होणार नाही. डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या घालवायला फ्लॅश मारावा, तर के१००० चा फ्लॅश साठाव्या भागालाच जुळतो आणि साठाव्या भागाला तेवढं ऊन कुठल्याच अ‍ॅपर्चरवर मावत नाही. सगळ्यांना माडांच्या सावलीत घे, नाहीतर चारनंतर ये म्हणून सांग.

खरी कसोटी गोरजाची. आपल्याकडे सूर्य टेकला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो. त्यातली बरीचशी मिनिटं तुझी दिवा धरण्यात जाणार, म्हणजे तू मोकळी होशील तेव्हा उजेड संपत आलेला असेल. त्यासाठी दोन गोष्टी कर. एक म्हणजे मांडववाल्याशी आधी बोल. मांडवाच्या पुढच्या बाजूनं पिवळसर पांढरे दिवे हवेत आणि ते सूर्य मावळायच्या आधी लावलेले हवेत. गुलाबी-जांभळे एलईडी निदान विधी संपेपर्यंत नकोत. चेहऱ्यावर पडलेला जांभळा रंग फिल्मवरून कुणालाही काढता येत नाही. डिजिटलवालाही तुझे आभार मानेल. दुसरी म्हणजे अंधार पडल्यावर रंगाचा नाद सोड आणि ब्लॅक अँड व्हाइट घाल. इलफोर्डचा एचपी५ हा ४०० चा रोल आहे, तो १६०० वर काढून लॅबला दोन स्टॉप पुश करायला, म्हणजे जास्त वेळ धुवायला सांगितलं की छान निभावतो. दाणे दिसतील, दिसू देत. पंगत, उखाणे, रात्रीची गाणी, म्हाताऱ्या माणसांचे हात, हे सगळं काळ्या-पांढऱ्यात फार चांगलं येतं आणि दिव्यांच्या रंगांची कटकट संपते. फक्त रोल बदललास की तबकडीही बदल. के१००० ला रोलच्या डबीवरचा स्पीडचा कोड वाचता येत नाही, तू फिरवशील तेव्हाच ती फिरते. आणि पुश करायचा रोल अर्धा एका स्पीडला, अर्धा दुसऱ्याला असं चालत नाही, धुतला जातो तो अख्खा एकदमच.

रोल किती? आठ. पाच रंगीत, कोडॅकचा पोर्ट्रा ४०० घेतलास तर उत्तम, आणि तीन एचपी५. म्हणजे २८८ फोटो. आम्ही अख्खं लग्न पाच-सहा रोलांत करायचो आणि तुझ्याकडे अख्खं लग्न नाहीच. जास्त नेलेस तर जास्त काढशील, आणि जास्त काढायचं तर डिजिटल काय वाईट होतं? रंगीत रोल एकाच दुकानातून, एकाच बॅचचे घे. मुदत संपलेले स्वस्तात मिळतात, ते एरवी पर्वतीवर फिरायला ठीक. मैत्रिणीच्या लग्नाला नको.

एक्सरेचं तू ऐकलंस ते खरं आहे. विमानात जे सामान बॅगेज म्हणून देतो त्याच्यावरचा एक्सरे जोरदार असतो, त्यात रोल कधीच टाकायचा नाही. हातातल्या सामानाच्या जुन्या यंत्रातून ४०० चा रोल एकदा-दोनदा गेला तर सहसा काही होत नाही, पण आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनरची नवी यंत्रं येत आहेत आणि त्यांच्यातून एकदा गेलेला रोलही धुरकट होऊ शकतो. कोडॅकनंच तसा इशारा दिलेला आहे. शिशाच्या पिशवीवर भिस्त ठेवू नकोस. यंत्रात काळा ठोकळा दिसला की पिशवी उघडायला लावतात नाहीतर पुन्हा आत सोडतात. सुरक्षेच्या जवानांना हातानं तपासा अशी विनंती करता येते. लवकर जा, रोल प्लॅस्टिकच्या डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेव, नम्रपणे सांग. ऐकतील किंवा ऐकणार नाहीत, तो त्यांचा अधिकार. कॅमेऱ्यात रोल घालून मात्र जाऊ नकोस, पाठ उघडून दाखवा म्हणाले तर काय करशील? आणि लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, दाबोळीला नौदलाचा. तिथे कॅमेरा बाहेरच काढायचा नाही.

पण हे सगळं टाळायचा सरळ रस्ता तुझ्या दारातून जातो. पुण्याहून गोव्याला गाडीनं जाणारी मंडळी त्या लग्नात नक्की असणार. कोल्हापूर, निपाणी, आंबोली करत येणाऱ्या एखाद्या मामाकडे रोलची पिशवी दे, परतीलाही त्यांच्याकडेच. नाहीतर तूच गोवा एक्स्प्रेसनं जा. मामांना एवढंच बजाव की पिशवी डिकीत किंवा समोरच्या काचेपाशी ठेवायची नाही. दुपारी जेवायला थांबल्यावर बंद गाडीत जो उकाडा होतो तो फिल्मचे रंग बिघडवतो. पायाशी, सावलीत. तुझ्याकडे रोल फ्रिजमध्ये असतील तर आदल्या रात्रीच बाहेर काढ, गार रोलाची डबी उघडली की आत दव धरतं.

वाळूचं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्यात तुला तिची सवय नाही. रोलाच्या डबीला जिथून फिल्म बाहेर येते तिथे मखमलीची काळी पट्टी असते. तिच्यात वाळूचा एक कण अडकला की फिल्म त्याच्यावरून घासत जाते आणि पहिल्या फोटोपासून छत्तिसाव्यापर्यंत एक सरळ रेघ येते, आकाशातून, कपाळातून, सगळ्यांतून. रोल खोलीत जाऊन बदल. जमत नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून, ओढणीच्या आडोशाला. हळदीच्या वेळीही तसंच. तुलाही हळद लावल्याशिवाय कुणी सोडणार नाही, तेव्हा आधी फोटो काढून घे, कॅमेरा पिशवीत बंद कर आणि मग खुशाल माखून घे.

बाबांचा कॅमेरा लग्नाआधी दुरुस्तीवाल्याला दाखव. त्या वयाच्या कॅमेऱ्यांत पाठीच्या कडेचा काळा फोम चिकट होऊन झडतो आणि तिथून उजेड शिरतो. नवा सेल घाल, एक जास्तीचा जवळ ठेव. त्या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर झाकण लावलं की तो झोपतो, म्हणून फोटो काढून झाला की झाकण. सेल संपला तरी शटर चालतं एवढा दिलासा आहे. आणि कुणाकडून तरी दुसरा एक कॅमेरा उसना आण. एकच यंत्र घेऊन लग्नाला जायचं नसतं, मग ते कितीही विश्वासाचं असो.

पैशांचं थोडक्यात. रोल, धुलाई, स्कॅन आणि प्रिंट यांचा खर्च तिचा, तुझे कष्ट हा तुझा आहेर. लॅबकडून आठ रोलांचा आकडा काढून घे आणि गोव्याला निघायच्या आधीच तिला सांग, मेसेज करून, म्हणजे नंतर कुणाच्या आईला प्रश्न पडणार नाही. फोटो यायला किती दिवस लागतील तेही त्याच मेसेजमध्ये लिही आणि मनात धरलेल्या दिवसांहून पंधरा दिवस जास्त सांग.

परत आल्यावर सगळे रोल एकदम लॅबमध्ये टाकू नकोस. झालेल्या प्रत्येक डबीवर मार्करनं लिहिलेलं असू दे, चुडा, हळद, गौरीहर, 'पुश दोन', जे असेल ते, आणि फिल्मचं टोक पूर्ण आत गुंडाळलेलं, म्हणजे झालेला रोल चुकून पुन्हा कॅमेऱ्यात जात नाही. आधी ज्याचं सगळ्यात कमी वाईट वाटेल तो रोल दे. तो नीट आला की मग बाकीचे, दोन खेपांत. तू घरी रोल धुत असशील तरी हे नको. रंगीत रोलाचं रसायन ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटं जसंच्या तसं राखावं लागतं, आणि तो प्रयोग या रोलांवर करायचा नाही. निगेटिव्ह लॅबमध्ये विसरू नकोस. त्या नीट कव्हरांत घालून तिला दे. मुलांच्या मुंजीत कुणीतरी त्या काढून बघेल.

जानेवारीला अजून वेळ आहे. या रविवारी दोन ठिकाणी जा. सकाळी फुले मंडईत, आतल्या उंच छताखाली, जिथे वरून थोडा उजेड येतो आणि माणसांच्या पाठीशी उघडी दारं असतात. तिथे भाजीवाल्या मावश्यांना विचारून, जवळ जाऊन चेहऱ्यावर मीटर घेऊन दहा-बारा फोटो काढ. संध्याकाळी पर्वतीवर, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, बरोबर एक मैत्रीण घेऊन. दर पाच मिनिटांनी तिचा एक फोटो, सुई पार खाली पडेपर्यंत, आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिही. मध्येच एकदा रोल पूर्ण गुंडाळून दुसरा घाल, किल्ली फिरते का ते बघत, आणि किती मिनिटं लागली तीही लिही.

धुवून आले की मला पाठव. स्कॅन नंतर बघेन. आधी निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरून फोनवर तिचा एक फोटो काढ आणि तो पाठव, पातळ आली आहे का ते मला तिच्यावरूनच कळेल.